लघुग्रह येतोय की जातोय?

मंडळी, एक मथळा डोळ्यांसमोर आणा. 'पृथ्वीच्या दिशेने झेपावतोय महाकाय लघुग्रह, काय होणार?' अशा छापाचा मथळा आपण सगळ्यांनीच वाचलाय, आणि एकदा नाही, महिन्यातून दोनदा तरी. बातमी उघडली की आठव्या-नवव्या ओळीत कळतं की हा पाहुणा तीस-चाळीस लाख किलोमीटरवरून निघून जाणार आहे आणि धोका काही नाही. म्हणजे बातमी खोटी नाही. आकडेही बहुतेक वेळा बरोबर असतात. तरी वाचणाऱ्याच्या मनात शेवटी जे उरतं ते खोटंच असतं. हे कसं जमतं, त्याबद्दल आज बोलायचंय. कवितेची, कादंबरीची समीक्षा आपण करतो. तशीच या बातम्यांची, लेखन म्हणून, शब्दाशब्दाने करून बघू.

कुणी म्हणेल, वाशीत उभं राहून हा विषय कशाला? पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव सोडून लघुग्रह? तर त्याला कारण आहे. भीती म्हणजे काय हे या जिल्ह्याला शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला काही मिनिटं कमी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर, होळी या गावांचं काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यानंतर कित्येक महिने लोक घराबाहेर, पत्र्याखाली झोपले. 'आज रात्री पुन्हा येणार' अशी आवई उठायची आणि गाव जागं राहायचं. ज्या मातीत हे झालंय तिथे 'काय होणार?' हे प्रश्नचिन्ह नुसतं गंमत म्हणून छापता येत नाही, असं आमचं म्हणणं आहे.

आता या बातम्या येतात कुठून ते बघा. नासाच्या जेपीएल या संस्थेच्या संकेतस्थळावर एक फलक असतो. पृथ्वीजवळून जाणारे पुढचे पाच लघुग्रह, त्यांची तारीख, अंतर आणि अंदाजे आकार तिथे दिलेला असतो. आकार समजावा म्हणून बसएवढा, घराएवढा, विमानाएवढा अशी तुलना असते. हा फलक सतत बदलत राहतो, म्हणजे ज्याला रोज बातमी हवी त्याला रोज कच्चा माल तयार. पृथ्वीच्या आसपास येणारे चाळीस हजारांहून जास्त लघुग्रह आज माहीत आहेत, तेव्हा माल संपायची भीती नाही. आपल्याकडचा बातमीदार त्यातून तीन गोष्टी उचलतो: आकार, वेग आणि तारीख. चौथी गोष्ट, अंतर, तळाशी जाते. आणि गेलं नाही तरी अंतर हा आकडाच असा आहे की नुसता वाचून काही कळत नाही. चाळीस लाख किलोमीटर म्हणजे जवळ की लांब?

त्यासाठी आपण घरातलं माप घेऊ. पृथ्वी म्हणजे एक ज्वारीची भाकरी समजा, साधारण पंचवीस सेंटिमीटर रुंद, आपल्याकडे थापतात तेवढी. या मापाने चंद्र साडेसात मीटरवर. चाळीस लाख किलोमीटर म्हणजे जवळपास ऐंशी मीटर. भाकरी इथे टेबलावर आहे आणि लघुग्रह पार रस्त्यापलीकडे. आणि केवढा? विमानाएवढा लघुग्रह या मापात पिठाच्या कणाएवढाही भरत नाही, त्याहून कितीतरी बारीक. ऐंशी मीटरवरून पिठाचा एक कण उडत गेला, आणि आपण म्हणतोय भाकरी 'थोडक्यात बचावली'!

वेगाचंही तसंच. 'ताशी ४० हजार किलोमीटर वेगाने' असं छापलं की अंगावर येतं. पण पृथ्वी स्वतः सूर्याभोवती ताशी एक लाख सात हजार किलोमीटरने पळतेय, म्हणजे आत्ता खुर्चीवर बसून तुम्हीसुद्धा. अंतराळात ताशी चाळीस हजार हा काही मोठा आकडा नव्हे. वाचकाला तो एसटीच्या वेगाशी ताडून बघायला लावला जातो, तिथे घोळ होतो.

एका शब्दावर जरा थांबू. शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत एक गट आहे, त्याला मराठीत 'संभाव्य धोकादायक लघुग्रह' म्हणतात. ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते आणि जो साधारण १४० मीटरहून मोठा आहे, तो या गटात. झालं, एवढीच व्याख्या. आपल्या भाकरीच्या मापाने ७५ लाख किलोमीटर म्हणजे दीडशे मीटर. मथळ्यात यातला 'संभाव्य' गळतो आणि 'धोकादायक' उरतो. सोलापूर–धुळे महामार्गावर 'अपघातप्रवण क्षेत्र' अशा पाट्या तुम्ही बघता. ती पाटी काय सांगते? जागा लक्षात ठेवा, नजर ठेवा. तुमच्या गाडीला आज अपघात होणार, असं ती सांगत नाही. पाटी वाचून कुणी गाडीतून उडी मारत नाही. लघुग्रहांचं नाव म्हणजे अशी पाटी आहे, आणि बातमी ती पंचनामा असल्यासारखी वाचून दाखवते.

पण आमच्या मते सगळ्यात मोठं काम करतं ते क्रियापद. 'येतोय', 'झेपावतोय', 'धडकणार?', आणि गेल्यावर 'बचावली'. यातलं एकही क्रियापद घडणाऱ्या गोष्टीला लागू नाही. जे घडतं त्याला साधं मराठी आहे: 'जवळून जाणार'. हायवेवरून रोज हजार गाड्या जातात, त्यांना आपण 'गावाच्या दिशेने झेपावणाऱ्या' म्हणतो का? 'बचावली' हे तर उलटंच झालं. बचावतो तो, ज्याला शेवटच्या क्षणापर्यंत पत्ता नव्हता. इथे तारीख, वेळ, अंतर सगळं आधी ठाऊक होतं, कित्येकदा वर्षानुवर्षं आधी. खरी बातमी तीच आहे: माणसाला हे आधी कळतं. भूकंप आधी कळत नाही. वीज कुठे पडणार ते फार तर थोडा वेळ आधी कळतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने त्यासाठी 'दामिनी' ॲप केलंय आणि मराठवाड्यात तरी ते प्रत्येकाच्या फोनमध्ये असायला हवं. लघुग्रह ही मात्र अशी आपत्ती आहे की जी दशकं आधी कळू शकते आणि कदाचित टाळताही येते. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या 'डार्ट' यानाने डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली आणि त्याच्या फेरीचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी केला. एवढी मोठी गोष्ट 'बचावली' या एका शब्दाखाली झाकली जाते.

आता महाराष्ट्राच्या अगदी जवळ आलेली एक बातमी घेऊ. जवळ म्हणजे कागदावर. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या 'ॲटलास' दुर्बिणीने एक लघुग्रह टिपला, नाव '२०२४ वायआर४'. साठेक मीटरचा. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्क्याच्या वर गेली, मग चढत चढत १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के झाली. आदळलाच तर कुठे, याचा एक लांब पट्टा नकाशावर काढला गेला: पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र ते दक्षिण आशिया. त्या पट्ट्यात मुंबई होती. झालं, मुंबई संकटात! (आता मुंबई म्हणजे तिकडची, खाडीपलीकडची वाशीही त्यात धरली पाहिजे. पत्ता सांगताना आपल्या वाशीला त्या वाशीचा कायम त्रास होतो, तेवढा एक दिवस उपयोग झाला.) आणि मग आठवड्याच्या आत, २४ फेब्रुवारीपर्यंत, तीच शक्यता ०.००४ टक्क्यांवर आली.

लोकांनी विचारलं, आणि रास्त विचारलं: आधी वाढली आणि मग एकदम शून्यावर, म्हणजे शास्त्रज्ञांना कळतंय की नाही? या प्रश्नाला मराठीत नीट उत्तर मिळायला हवं होतं. आम्ही प्रयत्न करतो. समजा एक शेळी हरवलीय. ती शंभर एकरात कुठेतरी आहे एवढंच ठाऊक आहे, आणि त्यातलं एक एकर तुमचं. शेळी तुमच्या रानात असण्याची शक्यता शंभरात एक. शोध घेता घेता अडुसष्ट एकर बघून झालं, तिथे नाही. राहिलं बत्तीस एकर, त्यात तुमचं एकर अजून आहे. आता शक्यता बत्तीसात एक, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. शेळी जागची हललेली नाही, तरी तुमची शक्यता तिप्पट झाली! अजून शोधलं आणि कळलं की शेळी ओढ्यापलीकडच्या चार एकरात आहे, तुमचं एकर अलीकडे. शक्यता शून्य. आकडा चढणं हे माहिती वाढल्याचं लक्षण होतं, आकडा कोसळणं हेही. लघुग्रह बिचारा पहिल्यापासून आपल्याच वाटेने चालला होता. बातम्यांनी मात्र हा चढता आकडा तापाच्या पाऱ्यासारखा वाचला: वाढला म्हणजे आजार बळावला. आणि उतरला तेव्हा तितक्या मोठ्या अक्षरात सांगायला बरेच जण विसरले.

हेच याआधी एकदा झालं होतं, आणि तेव्हा जगाचं लक्षच नव्हतं. 'अपोफिस' नावाचा, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह जून २००४ मध्ये सापडला. तो १३ एप्रिल २०२९ ला आदळण्याची शक्यता २७ डिसेंबर २००४ ला २.७ टक्क्यांपर्यंत गेली. तारीख लक्षात आली? त्सुनामीच्या दुसऱ्या दिवशी. लोक किनाऱ्यावर आपली माणसं शोधत होते, आकाशाकडे कोण बघणार? त्याच दिवशी मार्च महिन्यातली जुनी छायाचित्रं सापडली, हिशेब नव्याने झाला आणि २०२९ ची टक्कर बाद झाली. पुढे २०२१ मध्ये रडारने मोजून निदान शंभर वर्षं तरी काळजी नाही, हे पक्कं झालं. आदल्या दिवशी कुणालाही कळलं नाही ती आपत्ती हजारो जीव घेऊन गेली होती. आणि पंचवीस वर्षं आधी कळली ती टक्कर झालीच नाही.

मराठीत या विषयावर गंभीरपणे लिहिणारं पहिलं नाव म्हणजे अर्थातच जयंत नारळीकर. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची 'धूमकेतू' ही कथा अनेकांनी वाचली असेल. 'द कॉमेट' या नावाने ती एनसीईआरटीच्या आठवीच्या इंग्रजी पूरक वाचनात होती, तेव्हा मुलांनीही वाचली. कोलकात्याचे दत्तदा, हौशी निरीक्षक, रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसतात आणि त्यांना नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असं केंब्रिजच्या एका शास्त्रज्ञाचं गणित सांगतं. मग जगभरचे तज्ज्ञ जमतात, अण्वस्त्रं घेऊन यान जातं, धूमकेतूची वाट वळते. इकडे दत्तदांच्या घरी अरिष्ट टळावं म्हणून यज्ञ.

कथा उत्तम आहे, यात वाद नाही. शोध लावणारा माणूस परदेशी प्रयोगशाळेतला नाही, आपल्या गल्लीतला आहे, ही तर फार मोठी गोष्ट. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले होते, काही घडलं नाही, आणि श्रेय यज्ञाने घेतलं. नारळीकरांचा रोख अशा वृत्तीवर आहे आणि तो बरोबर आहे. पण आज पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते. या कथेत टक्कर होणार ही माहिती लोकांपासून लपवली जाते. घबराट नको म्हणून. मूठभर जाणते लोक बंद दाराआड जग वाचवतात, आणि बाकीच्या माणसांना कथेत कामं उरतात दोनच: घाबरायचं नाहीतर यज्ञ करायचा. सामान्य माणसाला खरं सांगितलं तर तो पेलेल, ही शक्यता कथा विचारातच घेत नाही.

२०२४ वायआर४ ने नेमकी हीच शक्यता तपासली. या वेळी काहीच लपवलं नव्हतं. नासा आणि युरोपीय अवकाश संस्था, दोघांच्याही याद्या रोज सगळ्यांसाठी खुल्या होत्या. ३.१ टक्के हा आकडा केंब्रिजच्या प्राध्यापकाला ज्या दिवशी कळला त्याच दिवशी वाशीच्या चहाच्या टपरीवरही कळू शकत होता. आणि घबराट झाली? नाही. कुणी मुंबई सोडून गेलं नाही. तेव्हा लोकांना खरं सांगू नये, हा नारळीकरांच्या कथेतला गृहीत धरलेला विचार आम्हाला तरी आता मान्य करता येत नाही. त्यांच्यानंतरच्या मराठी बातमीने मात्र दुसरं टोक गाठलं. तिने काही लपवलं नाही, सगळं सांगितलं, पण असं सांगितलं की माणसाला काम पुन्हा तेच एक, घाबरायचं.

इथे शास्त्राच्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'चिंतेचे कारण नाही, अफवांवर विश्वास ठेवू नये' हे वाक्य भूकंपानंतर या जिल्ह्याने किती वेळा ऐकलं असेल! त्यात 'का नाही' हे कधीच नसतं. कारण न देता दिलेला दिलासा आणि कारण न देता घातलेली भीती, दोन्ही एकाच घरची. दिलासा शब्दाने द्यायचा नसतो, मापाने द्यायचा असतो.

आणि धोका मुळीच नाही, असंही आम्ही म्हणत नाही. आपल्याच महाराष्ट्रात लोणारचं विवर आहे, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद, आपल्या पायाखाली आहे त्याच काळ्या पाषाणात बाहेरून आलेल्या दगडाने पाडलेलं. १५ फेब्रुवारी २०१३ चा दिवस तर या विषयातला धडाच आहे. त्या दिवशी '२०१२ डीए१४' नावाचा लघुग्रह जेमतेम २७,७०० किलोमीटर उंचीवरून जाणार हे वर्षभर आधी ठाऊक होतं. तो सांगितल्या वेळी आला, सांगितल्या वाटेने गेला. पण त्याच्या सोळा तास आधी रशियात चेल्याबिन्स्कवर एक वेगळाच, वीसेक मीटरचा दगड हवेत फुटला. तो सूर्याच्या दिशेने आला म्हणून कुणाला दिसलाच नव्हता. जवळपास दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक खिडकीच्या काचांनी. का? झगमगाट बघायला लोक खिडकीशी गेले, आणि धक्क्याची लाट मिनिटा-दोन मिनिटांनी पोचली. आपल्या तालुक्यात तेरखेड्याला फटाके करणाऱ्या कुणालाही विचारा, आधी उजेड, मग आवाज, हे तो झोपेतही सांगेल. आकाशात डोळे दिपवणारा उजेड दिसला तर काचेपासून लांब व्हा: या सगळ्या विषयातलं सामान्य माणसाच्या जिवाच्या कामाचं एवढं एकच वाक्य आहे, आणि इतक्या बातम्यांत ते आम्हाला क्वचितच छापलेलं दिसतं. माहीत असलेल्या लघुग्रहांनी नाही, माहीत नसलेल्यांनी धोका असतो. म्हणून शोधत राहायला हवं. लडाखमध्ये हान्लेला भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची सत्तर सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आहे, तिच्यावरून आपले विद्यार्थी अशा वेगाने पळणाऱ्या लघुग्रहांच्या जागा मोजतात. त्यांच्या कामाचा मथळा वाचल्याचं कुणाला आठवतंय का?

आता शेवटचं, १३ एप्रिल २०२९. अपोफिस त्या रात्री पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. आपला टीव्ही ज्या उपग्रहांवरून दिसतो त्यांच्याही खालून. भाकरीच्या मापात फक्त दोन फूट. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाणार हे आधी माहीत असून बघायला मिळावं, असं माणसाच्या नोंदींत पहिल्यांदाच घडतंय. नासा आणि युरोपीय अवकाश संस्था दोघीही त्याच्याजवळ यानं पाठवण्याच्या तयारीत आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये इस्रोने बेंगळुरूत ग्रहसंरक्षणावर कार्यशाळा घेतली, तेव्हाही या अपोफिसचं नाव निघालं होतं.

मथळे काय येतील ते आम्ही आजच सांगून ठेवतो. शुक्रवार, त्यात तेरा तारीख, म्हणजे परदेशी अपशकुन तयार. त्या रात्री अमावास्या आहे, म्हणजे देशीही तयार. इजिप्तच्या दुष्ट देवाचं नाव आहेच. सगळ्यात जवळचा क्षण आपल्या घड्याळाने १४ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराचा, आणि पहाटेच्या त्या प्रहराला या भागात काय आठवतं ते वेगळं सांगायला नको. हे चारही धागे जोडून कार्यक्रम होतील, तासभराचे.

त्याच चार गोष्टी दुसऱ्या तऱ्हेनेही वाचता येतात. अमावास्या म्हणजे चंद्राचा उजेड नाही, म्हणजे अंधूक गोष्ट दिसायला सगळ्यात चांगली रात्र. आणि १३ ची मध्यरात्र म्हणजे भीमजयंतीची मध्यरात्र. त्या वेळी महाराष्ट्रात निम्मी गावं जागीच असतात, वाशीही असेल. अपोफिस संध्याकाळनंतर हिंद महासागरावरून आफ्रिकेकडे सरकत जाईल. म्हणजे आपल्याला तो रात्रीच्या पहिल्या भागात दक्षिणेच्या, मग नैऋत्येच्या आणि पश्चिमेच्या आकाशात शोधावा लागेल. अगदी जवळ येईल तेव्हा तो अटलांटिकवर असेल, तो देखावा आफ्रिका-युरोपच्या वाट्याचा. आपल्याकडे दिसेल तो एक मंद तारा, पण इतर ताऱ्यांमधून हळूहळू सरकणारा. उपग्रहासारखा झर्रकन नाही, थोडा वेळ थांबून बघितलं तर जागा बदललेली दिसेल असा. मिरवणुकीचे दिवे आणि डीजे सोडून अर्धा-एक किलोमीटर बाहेर यावं लागेल, बालाघाटाच्या माळावर कुठेही. नेमकी जागा दाखवणारे नकाशे तोवर येतील. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, आणि पोरांना नैऋत्येकडे तोंड करून उभं करा.